रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली गंज

जॅक वर गेला, गाडी जागची हलली नाही.

२०२३ची दिवाळी. साक्रीला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची गाडी एकोणीस वर्षांपासून उभी होती. टायर चपटे होऊन जमिनीला चिकटले होते. चाकं काढावीत म्हणून मी दाराखाली जॅक लावला आणि हँडल फिरवू लागलो. आधी थोडा जोर लागला, मग अचानक हात हलका पडला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला आणि जॅकचं डोकं गाडीच्या अंगात चार बोटं आत शिरलं.

वर फिकट निळा रंग तसाच चकचकीत. खाली जमिनीवर मूठभर तांबडा भुगा, डांबरासारख्या थराच्या काळ्या खपल्या आणि पत्र्याचा एक तुकडा. तुकडा उलटा केला तर त्यावर शेंगदाण्याचं अर्धं चित्र होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा.

त्याच वेळी माझ्या फोनमध्ये एक मेसेज होता. पुण्यात जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी गाडीचे फोटो पाठवले होते. फोटो पाहूनच त्यांनी आमच्या अपेक्षेपेक्षा बरीच जास्त किंमत कळवली होती. गाडी १९७३ची, नाव दुर्मिळ, रंग चांगला. फोटोत रंग दिसतो. दाराखालचा भुगा दिसत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. माझ्यापुढे प्रश्न होता तो ही मूठ उघडायची की तशीच समोरच्याच्या हातात द्यायची, हा. उत्तर शोधताना गाडी उघडली, आणि तिच्या पोटात आमच्या घराचा, साक्रीच्या गॅरेजांचा आणि काही अंशी देशातल्या मोटारींचा इतिहास थराथराने सापडला.

चेसिस कुठे आहे?

साक्रीत वाढलेल्या माणसाला चेसिस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. सुरत-धुळे-नागपूर रस्ता, ज्याला जुने लोक अजून 'सहा नंबर' म्हणतात, आमच्या गावावरून जातो. कोंडाईबारीचा घाट चढून येणारे ट्रक रस्त्याकडेच्या गॅरेजांत थांबतात. लहानपणी तिथे बॉडी उतरवलेले ट्रक पाहिले आहेत. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. जमिनीवर शिडी आडवी टाकावी तसा सांगाडा. इंजीन, चाकं, बॉडी, सगळं त्या शिडीवर बसवलेलं.

जीपही तशीच. महिंद्रांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढची कित्येक दशकं खानदेशातल्या वाटांवर जीपच धावली. आमच्याकडून पिंपळनेरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसणारी माणसं मोजायची नसतात. त्या जीपांचा पत्रा कुजलेला असायचा, पायाखालून रस्ता दिसायचा, पण खालची शिडी धड असली की गाडी धड. शिडीला तडा गेलाच तर जाड प्लेट लावायची, आर्क वेल्डिंगने चहूबाजूंनी घट्ट करायची, की पुन्हा पाच वर्षं बघायला नको.

आबांच्या गाडीला अशी शिडीच नाही.

ती फियाट ११००च्या घराण्यातली. इटलीत १९५३ साली '११००/१०३' आली तेव्हा फियाटने आधीच्या ११००ची वेगळी चेसिस काढून टाकली आणि बॉडीलाच चेसिस केलं. कल्पना तेव्हाही नवी नव्हती. लॅन्शियाच्या 'लॅम्ब्डा'ने १९२२ साली त्या दिशेने पाऊल टाकलं होतं, सित्रोएनने १९३४ साली ती मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत आणली होती. तुळया नाहीत म्हणजे वजन कमी, वजन कमी म्हणजे लहान इंजीनही पुरतं. ११००चं इंजीन १०८९ सीसीचं. त्याच वर्षी या साध्या कुटुंबाच्या गाडीची 'टुरिझ्मो वेलोचे' नावाची वेगवान आवृत्तीही निघाली आणि शर्यतींत उतरली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथेही बॉनेटखाली बरीच करामत केलेल्या फियाट पळत.

मग गाडीचं वजन पेलतं कोण? काडेपेटीचं आतलं खोकं काढून नुसतं कवच दोन बोटांत दाबून बघा. लगेच चेपतं. खोकं परत आत सरकवून दाबा. कागद तोच, पण आता दाद देत नाही. फियाटच्या दोन्ही बाजूंना दारांखाली अशीच एक लांब बंद पेटी असते. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा कडेला स्पॉट वेल्डिंगने जोडलेले, मध्ये पोकळी. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. या दोन पेट्या, मधला बोगदा, खालचा पत्रा आणि वरचं छप्पर मिळून चेसिसचं काम करतात. पेटी कुजली तर शिडीचीच एक बाजू कुजली.

छप्पर नसलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये हे आणखी गंभीर होतं. इंग्लंडची एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त बनली. तिच्या उघड्या आवृत्तीत छपराची मदत नाही, त्यामुळे दाराखालच्या पेट्यांवरच सगळा भार. त्या कुजल्या की गाडी मधोमध खाली बसते आणि दारं लागेनाशी होतात. जुन्या एमजीबी विकत घेणारे जाणकार इंजीन ऐकायच्या आधी दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघतात. फट वर एका रुंदीची आणि खाली दुसऱ्या रुंदीची असेल तर बाकी काही विचारायची गरज नाही.

ही फट मी लहानपणापासून पाहत होतो. आबांच्या गाडीचं डावं दार नेहमी उचलून लावावं लागायचं. आम्हाला वाटायचं, ती गाडीची सवय आहे.

कुर्ल्याहून साक्रीला

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन गाड्या जोडून बाहेर पडल्या, मग पन्नाशीच्या दशकात फियाट आली. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे बनवण्याचा कार्यक्रम द्यावा, नाहीतर धंदा बंद करावा. १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. उरल्या मुख्यतः तीन: कलकत्त्याजवळची अँबॅसडर, मुंबईची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. यांतल्या स्टँडर्ड हेरॉल्डला मात्र वेगळी चेसिस होती, आणि त्याच चेसिसच्या घराण्यातून इंग्लंडमध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली होती.

तीन कंपन्या, मोजके परवाने आणि मागणी प्रचंड. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं थांबायचं. १९६९ साली सरकारने किमतीही ठरवून दिल्या, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटबरोबरचा करार संपला तसं इटलीचं नाव उतरलं आणि काही काळ गाडीला 'प्रीमियर प्रेसिडेंट' म्हटलं गेलं. १९७४ साली नाव आलं 'पद्मिनी'. आबांच्या गाडीवर 'प्रेसिडेंट' आहे. पुण्याच्या गृहस्थांना हवं होतं ते हे मधलं, अल्पायुषी नाव.

या टंचाईचा परिणाम गाडीच्या पत्र्यावर झाला. जिथे नवी गाडी सहज मिळते तिथे कुजलेली गाडी भंगारात जाते. आपल्याकडे कुजलेली गाडीही पुढच्या माणसाला हवी असायची, कारण तिला पर्याय नसायचा. त्यामुळे ती मरू दिली जात नव्हती. एक माणूस वापरून मोठ्या शहरातून लहान शहरात विकायचा, तिथला पुढे तालुक्याला विकायचा, आणि प्रत्येक मुक्कामावर तिला एक ठिगळ लागायचं. आबांनी ही गाडी १९८६ साली मुंबईहून आणली. तेरा वर्षं तिने समुद्राचा खारा वारा आणि मुंबईचा पावसाळा खाल्ला होता. साक्रीच्या कोरड्या हवेत ती टिकेल असं आबांना वाटलं, आणि हिशेब चुकीचा नव्हता. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते. मीठ असेल तर गंज घाईने चढतो. साक्रीत समुद्र नाही.

पण पोटॅश आहे.

तीन थर

गॅरेजच्या मिस्त्रींचं वय आता साठीच्या पुढे आहे. त्यांनी गाडीखाली टॉर्च मारला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पेटीवर टकटक केलं. पुढच्या टोकाला आवाज खणखणीत, मध्ये बद्द. मग खिशातून चुंबक काढून रंगावर फिरवलं. वीतभर अंतर ते चिकटलं, पुढे हातभर चिकटलंच नाही, खाली पडलं. जिथे चुंबक पडतं तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. उठून हात पुसत ते म्हणाले, "वर रंग शे, मझार गंज शे. आते इले बठ्ठी उघाडनी पडी." शुद्ध मराठीत याला 'वरून कीर्तन, आतून तमाशा' म्हणतात.

आम्ही ग्राइंडरने एकेक थर उतरवत गेलो. मी प्रत्येक थराचे फोटो काढले.

सगळ्यात वरचा थर रंगाचा. त्याखाली पुट्टी, काही ठिकाणी अंगठ्याइतकी जाड. पुट्टीला धरून ठेवायला फायबरचं कापड, त्याखाली तेलाच्या डब्याचा पत्रा पॉप रिव्हेटने ठोकलेला. खालच्या बाजूने सगळ्यावर काळं अंडरकोटिंग फासलेलं. वेल्डिंगचा एक थेंब नाही. यात ताकद कसलीच नव्हती, फक्त आकार होता.

त्याखाली दुसरा थर: जाड लोखंडी प्लेट, चहूबाजूंनी आर्क वेल्डिंग. ती पाहून मिस्त्री थांबले. वेल्डिंगच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे माझंच काम आहे." प्रत्येक वेल्डरची रेघ त्याच्या अक्षरासारखी असते, ते म्हणाले. साल त्यांना आठवेना, पण आबा गाडी घेऊन आले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांना एका लग्नाला जायचं होतं, हे आठवलं.

त्या प्लेटमध्ये काय चुकलं ते त्यांनीच मला समजावलं. तेव्हा ते जीप आणि ट्रकच्या चेसिसवर काम शिकलेले तरुण. तुळईला जी प्लेट लावतात तीच त्यांनी मिलिमीटरभराच्या पत्र्याला लावली. कुजलेला भाग कापून काढला नाही, त्यावरच झाकण घातलं. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकली आणि गंज निवांत वाढत राहिला. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून फुगून त्याने स्पॉट वेल्डिंगचे सांधे उकलले. आर्कच्या उष्णतेने पेटीच्या आतला रंग जळाला, म्हणजे जिथे हात पोचत नाही तिथेच पत्रा उघडा पडला. आणि पेटीच्या तळाला पाणी वाहून जायला कारखान्याने ठेवलेली भोकं या प्लेटने बुजवली.

यात फसवणूक नव्हती. ते मनापासून केलेलं, मजबूत, चुकीचं काम होतं. एका यंत्राचं ज्ञान दुसऱ्या यंत्राला लावलं गेलं होतं. गाडी बदलली होती, तिची दुरुस्ती शिकवणारं कोणी साक्रीपर्यंत आलं नव्हतं.

तिसरा, सर्वांत आतला थर मुंबईचा असावा. उजव्या पेटीच्या मागच्या टोकाला तळहाताएवढा एक तुकडा, कुजका भाग कापून त्याच जाडीचा पत्रा काठाला काठ लावून गॅस वेल्डिंगने जोडलेला, वर कानसलेला. इतका नीट की आधी तो दिसलाच नाही. आजही तो शाबूत होता. तो करणाऱ्याचं नाव कुठेही नाही.

पेटीच्या आत मात्र थर नव्हता, ढीग होता. मूठ मूठ काढत गेलो. साक्रीची बारीक माती, कांद्याची टरफलं आणि गुलाबी-पांढरे खडे. खडे पाहून पप्पा लगेच म्हणाले, "पोटॅश." आबा मागची सीट काढून खताच्या गोण्या शेतावर न्यायचे. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा चुलत भाऊच. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि त्यातलं क्लोराइड लोखंडाला खातं. फाटलेल्या गोणीतून सांडलेलं खत पायाखालच्या फटीतून पेटीत गेलं, भोकं बंद असल्याने तिथेच राहिलं. मुंबईचा समुद्र सोडून आलेल्या गाडीला आम्ही घरीच खारं पाणी पाजत होतो.

दोन हजार रुपये

तेलाच्या डब्याचा थर कोणाचा, हे मला विचारायचं नव्हतं, कारण तो दिवस मला आठवतो. २००४ साली मी आठ वर्षांचा होतो. गाडी रंगवून घरी आली तेव्हा मला ती नवी कोरी वाटली होती. मी गल्लीतल्या पोरांना हात लावू देत नव्हतो.

रात्री जेवताना पप्पांनीच विषय काढला. तेव्हा आबांच्या औषधपाण्याला पैसे हवे होते. नवापूरचा एक गिऱ्हाईक तयार होता. पप्पांनी रंगवाल्याला सांगितलं, दिसायला चांगली कर, जास्त खर्च नको. गिऱ्हाईक बायको-मुलांना घेऊन गाडी बघायला आला. मुलं मागच्या सीटवर चढून बसली. त्यांना गाडी आवडली.

मी विचारलं, मग दिली का नाही?

पप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "दोन हजारवर अडनं. नही ते दी टाकी व्हती."

मला वाटलं होतं, ते म्हणतील की मनाला पटलं नाही. त्यांनी तसं म्हटलं नाही. दोन हजारांवर अडलं नसतं तर ते कुटुंब या गाडीत बसून घाटातून नवापूरला गेलं असतं. दोन थाळ्या उचलून आई आत गेली आणि पुढे कोणी बोललं नाही.

त्या रात्री मी इंटरनेटवर एमजीबीच्या दुरुस्तीबद्दल वाचत बसलो. इंग्लंडमध्येही कुजलेल्या पेटीवर नवा पत्रा नुसता वरून बसवून गाड्या विकल्या गेल्या आहेत. आपल्याकडच्या तेलाच्या डब्याची ती महागडी आवृत्ती. फरक एवढाच की तिथे १९६०पासून जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी आहे. सस्पेन्शन किंवा सीट बेल्ट जिथे बॉडीला जोडले जातात, त्यापासून तीस सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा कुजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास, आणि तिथली पुट्टी दुरुस्ती म्हणून चालत नाही. १९८० साली तिथे लॅन्शिया बीटाचं प्रकरण गाजलं. इंजीन ज्यावर बसतं त्या सबफ्रेमच्या जागाच गंजत होत्या. कंपनीने गाड्या परत विकत घेतल्या, पण नाव गेलं ते गेलंच. १९९४ साली लॅन्शियाने तो बाजार सोडला. गाडी बनवणाऱ्याने गंज लपवला तर त्याची बातमी होते. घरातल्या माणसाने लपवला तर तो फक्त घरातल्यांना माहीत असतो.

सकाळी मी पुण्याच्या गृहस्थांना सगळे फोटो पाठवले. भुगा, डबा, प्लेट, पोटॅश. त्यांनी विचार करून कळवतो असं लिहिलं. नंतर काही कळवलं नाही. पप्पा म्हणाले, "सांगायची काय गरज होती? ते स्वतः बघायला येणारच होते ना." मी म्हटलं, तेही वरूनच बघणार होते.

कापायचं किती?

दुरुस्ती जानेवारीत सुरू झाली. मी पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवारी साक्रीला यायचो. मिस्त्रींनी पैसे सांगितले ते कमी होते. मी वाद घातला नाही, कारण त्यांना त्यांची प्लेट स्वतः काढायची होती हे मला दिसत होतं.

पहिलं काम कापण्याचं नाही, बांधण्याचं. पेटी काढली की बॉडीला आधार उरत नाही आणि ती स्वतःच्या वजनाने वाकते. वाकलेल्या अवस्थेत नवी पेटी जोडली तर वाकडेपणा कायमचा. म्हणून गाडी चार ठिकाणी सपाट टेकवून दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-तिरके टाचले. एका वेळी एकच बाजू उघडायची, ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

मग गंज कापला. कापायचं किती, हे पत्रा सांगतो. चकाकणारं, पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत मागे जात राहायचं. दोन इंच वाटलं होतं तिथे दोन फूट गेलं. आम्हाला तयार पेट्या मिळाल्या नाहीत. उजव्या बाजूच्या चांगल्या टोकावरून पुठ्ठ्याचा साचा काढला आणि धुळ्यात लोखंडी कपाटं बनवणाऱ्याच्या बेंडिंग मशीनवर सीआर पत्रा वाकवून आणला. जोडकाम सीओटू वेल्डिंगने: कारखान्यात जिथे स्पॉट होते तिथे भोकं पाडून टाके भरायचे, एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. जोडाच्या आतल्या बाजूला आधी जस्ताचा प्रायमर. शेवटी पेटीच्या आत फवाऱ्याने मेणाचा थर. आणि तळाला भोकं, मूळ होती त्याच जागी.

मुंबईचा तळहाताएवढा तुकडा आम्ही तसाच ठेवला.

मधल्या काळात एका कायदेशीर शब्दाने माझी झोप उडवली होती. जुलै २०२१मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी त्यात येऊ शकते, पण तिच्या चेसिसमध्ये, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. आमच्या गाडीची पन्नाशी २०२३ साली भरली. योगायोग असा की त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतरीत्या संपली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. तर प्रश्न असा: जिची बॉडीच चेसिस आहे तिची कुजलेली पेटी बदलली, तर तो बदल की दुरुस्ती? माझं मत असं की मूळ आकार, मूळ जाडी, मूळ जागा राखली तर ती दुरुस्ती. खरा बदल जाड प्लेटचा होता, तेलाच्या डब्याचा होता. इंग्लंडमध्ये तर १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीच्या अख्ख्या बॉड्या नव्याने बनवून विकू लागले. आत जुन्या गाडीचं इंजीन, बाहेर नवं अंग. ती जुनी गाडी म्हणायची की नवी, यावर तिथले लोक अजून भांडतात. आपल्या आरटीओत माझं मत चालेल का, हे कागद दाखल केल्यावर कळेल.

म्हणूनच मी एक फाइल बनवली. सॉफ्टवेअरच्या कामात कोडची ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद राहते. चुकीची ओळही राहते, आणि पुढच्याला तिचा राग येण्याआधी तिच्यामागचं कारण वाचता येतं. गाडीच्या पत्र्याला ही सोय नाही. तिथे प्रत्येक नवा थर आधीचा थर पुसतो. फाइलमध्ये सगळे फोटो आहेत, कुठला जोड नवा, कुठला जुना, पत्रा किती जाडीचा, मेण कुठल्या भोकातून फवारलं. २००४च्या थराचा फोटोही आहे. तो ठेवू का, असं मी पप्पांना विचारलं. त्यांनी बराच वेळ फोटो पाहिला आणि म्हणाले, "ठेव. पण नवापूरवाल्याचं लिहू नको." मग थोड्या वेळाने म्हणाले, "लिही."

डावी पेटी जोडत होतो त्या रविवारी पप्पा गॅरेजवर आले. गाडीखाली उजेड कमी पडत होता. त्यांनी कोणी न सांगता हातात दिवा धरला आणि मिस्त्रींचं काम होईपर्यंत वाकून उभे राहिले.

गाडी अजून रंगवलेली नाही. नुसत्या राखाडी प्रायमरमध्ये आहे, सगळे जोड दिसतात. डावं दार आता उचलावं लागत नाही, ढकललं की लागतं. विकायची की ठेवायची यावर घरात अजून एकमत नाही. फाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसी बुकाबरोबर आहे. जो घेईल त्याला ती मिळेल.

जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा पप्पांनी फोन केला. त्यांनी मुद्दाम गाडी शेडबाहेर ढकलून ठेवली होती. अर्धा तास पाऊस पडला. मग ते गाडीशेजारी उकिडवे बसले आणि पेटीच्या तळाला बघत राहिले.

"पानी निंघी ऱ्हायनं," ते म्हणाले. चारही भोकांतून.